डाव्या कानातला सूर

मेहुणा : पण काही वाजलंच नव्हतं, तर बटण कशाला दाबलंत, दाजी?

ड्रमवाला : मला वाजत होतं.

मेहुणा : आणि ती कान तपासणारी बाई?

ड्रमवाला : तिनं काचेवर टकटक केलं. आत येऊन माझ्या कानावरचे हेडफोन काढले. म्हणाली, काका, मी अजून सुरूच केलेलं नाही. बारीक शिट्टी ऐकू आली की मगच दाबायचं. मी म्हटलं, ऐकू आली म्हणूनच दाबलं. मग ती गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

मेहुणा : म्हणजे पेपर हातात पडायच्या आधीच उत्तरं लिहून मोकळे.

ड्रमवाला : हस तू. त्या वायरी बाजूला घे आधी, मला बसू दे.

(दुपार. रिकामा हॉल, एकावर एक रचलेल्या खुर्च्या. स्टेजवर ड्रम, कीबोर्ड, जमिनीवर तोंड वर करून ठेवलेले स्पीकर. ड्रमच्या डावीकडे एक उंच माइक-स्टँड.)

मेहुणा : बसा. थर्मासात चहा आहे. आता नीट सांगा, आपल्या सोयीचं तेवढंच नको.

ड्रमवाला : उजवा बरा आहे म्हणाले. आपल्या धंद्याच्या मानानं बरा. डावा गेलाय. सगळा नाही, वरचे बारीक आवाज गेले. चिमण्या, कुलपात फिरणारी किल्ली, तसलं. कागदावर दोन रेघा दाखवल्या. उजवी आपली सरळ चाललेली. डावी अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग जिन्यात पाय घसरावा तशी खाली. मी विचारलं, परत येतं का? तर म्हणाले, गेलेलं येत नाही. राहिलंय ते सांभाळा.

मेहुणा : झांजा डावीकडेच असतात तुमच्या.

ड्रमवाला : झांजा आहेतच. त्यांनी विचारलं, डावीकडे आणखी काय असतं? म्हटलं, स्पीकर. कुणाचा? म्हटलं, बायकोचा.

मेहुणा : तसंच सांगितलंत?

ड्रमवाला : तोंडातून गेलं. मग सगळं सांगावं लागलं. ती गायची, माझ्या डाव्या हाताला उभी राहायची, तिला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून तिच्या पायाशी तो स्पीकर. ती वारली, तिच्या जागी गायला नवी मुलगी आली, स्पीकर तिथंच राहिला. आणि माझा मेहुणा आवाजाची बटणं सांभाळतो.

मेहुणा : मलाही गोवलंत का त्यात.

ड्रमवाला : नाव नाही घेतलं. मेहुणा एवढंच म्हटलं.

मेहुणा : तुम्हीच म्हणायचात, या पोरीचा आवाज येत नाही, वाढव. दर कार्यक्रमाला तेच. मी वाढवत गेलो. तिलाही बोललो, एकदा तर सगळ्यांसमोर. ती म्हणाली, दादा, याहून मोठ्यानं गायले तर ते गाणं राहणार नाही. आणि खरं सांगू का, मला मागे मिक्सरपाशी तिचा आवाज लख्ख येत होता.

ड्रमवाला : मग मला सांगायचं नाहीस?

मेहुणा : तुम्ही मान जराशी डावीकडे कलती करून वाजवायचात. ताई गाताना बसायचात तसेच. मला ते मोडवेना.

ड्रमवाला : हं. चहा ओत अर्धा कप.

मेहुणा : दाजी, चाचणीत काय वाजत होतं तुम्हाला?

ड्रमवाला : असंच.

मेहुणा : असंच म्हणजे काय?

ड्रमवाला : सूर. एकच, लांबच लांब. कार्यक्रम करून घरी गेलो की येतो. दार लोटतो, चपला काढतो, दिवा लावत नाही. ओट्याकडून येतो. ती भांडी पुसताना तोंड मिटून सूर धरायची ना, गाणं नाही, नुसता सूर, तसा. मी खुर्ची ओढून बसतो. तिथंच डोळा लागतो कधी कधी. मग घरात पाणी असतं, गुडघ्याएवढं, कोमट. वाट्या तरंगत असतात. ती ओट्यावर पाय सोडून बसलेली असते आणि पुसायला एकेक वाटी उचलत असते. घाई म्हणून नाही तिला. जाग येते, पाणी गेलेलं असतं. सूर चालूच.

मेहुणा : डॉक्टरांना सांगितलंत हे?

ड्रमवाला : वाट्यांचं नाही सांगितलं. ते म्हणाले, कान वाजतात. मोठ्या आवाजानं दुखावला की कान आपला आपणच वाजत राहतो. बाहेर कुणी नसतं. मी मान हलवली. मनात म्हटलं, तुम्ही तिला ऐकलेलं नाही.

मेहुणा : आवाज जास्त झाला की हा सूरही जास्त येतो का?

ड्रमवाला : येतो.

मेहुणा : म्हणून वाढव, वाढव.

ड्रमवाला : सुरुवातीला नाही रे. तेव्हा खरंच त्या मुलीचं गाणं ऐकू येत नव्हतं. पुढे लक्षात आलं. मध्ये कार्यक्रम नसले की तो बारीक होत जातो, निघायच्या तयारीत असल्यासारखा. मग मला घरात बसवत नाही.

मेहुणा : आणि खिशात डबी कसली वाजतेय?

ड्रमवाला : कानात घालायची बोंडं, आवाज अडवायला. रबराची आहेत. माझ्या मापाची करायला टाकली, कानात गार मलम ओतून साचा घेतला. ती येईपर्यंत ही. आता यांच्याशिवाय ड्रमवर बसायचं नाही म्हणालेत. नाहीतर उजवाही त्याच जिन्यानं खाली येईल.

मेहुणा : आणि तुम्ही ती खिशात घालून वाजवणार.

ड्रमवाला : मी तसं काही म्हटलं का?

मेहुणा : मला ठाऊक आहे तुमचं. थांबा, कीबोर्ड लावतो. आता पण येतोय ना सूर? मग सांगा मला. हा?

ड्रमवाला : वर.

मेहुणा : हा?

ड्रमवाला : अजून वर. अजून. अजून जा. हां, इथंच. हाच.

मेहुणा : ही शेवटची पट्टी आहे, दाजी. याच्या पुढे नुसतं प्लास्टिक.

ड्रमवाला : असेल.

मेहुणा : ताई कधी गेली का इथवर? जरा उंच गाणं आलं की मला डोळ्यांनी खुणवायची, पट्टी उतरवायला सांग. आणि ओट्याशी तर किती खालून गुणगुणायची. आई चिडवायची तिला, आत नक्की कोण आहे, मुलगी की मुलगा?

ड्रमवाला : जाड होता आवाज.

मेहुणा : होता ना?

ड्रमवाला : हो. उबदार, जाड. ओट्यावर हात ठेवला की हातात यायचा.

मेहुणा : मग हा कुणाचा?

ड्रमवाला : पुन्हा दाब ती पट्टी.

मेहुणा : ही?

ड्रमवाला : पुरे. कुणाचा नाही. ती डबी उघड. माझी बोटं फुगलीत, मला उघडत नाही.

मेहुणा : कान वर ओढा, मग आत घाला. तसं नाही, फिरवून. काय येतंय ऐकायला?

ड्रमवाला : माझाच श्वास. तू लांब गेल्यासारखा, पण शब्द कळतायत.

गायिका : काका, आले मी. दादा, आज आवाज किती ठेवताय? घसा बसलाय माझा.

मेहुणा : आज उतरवतोय. तुला बोललो होतो ते विसर, चूक माझी होती.

ड्रमवाला : अर्धी माझी. बाळ, तू इकडे ये, या बाजूला. उजवीकडे. आणि तुझ्या आवाजात एक ओळ गा. मी वाजवतो बरोबर.

मेहुणा : वाजवा. काय, दाजी? येतंय का?

ड्रमवाला : पाण्याखालून आल्यासारखं. पण स्वच्छ. ओळीच्या आधी श्वास घेतलास, तोही आला. बरी गातेस की.

गायिका : आज कळलं का तुम्हाला?

ड्रमवाला : आजच कळलं.

मेहुणा : मग तिच्यासाठी दुसरा स्पीकर इकडे लावतो. ताईचा तो बंद करू?

ड्रमवाला : कर. वायर काढून घे.

गायिका : काका, तो काकूंच्या उंचीवरचा माइकचा स्टँड पण आणू का इकडे? थोडा खाली करून? तिकडे मी टाचा उंच करूनच गायचे, तुम्ही हात लावू देत नव्हता म्हणून.

ड्रमवाला : दुसरा घे बाळ, मागे ठेवलाय. तो खाली करायचा राहिलाय अजून.