चौथा बोल्ट

ताई: हात लावू नकोस. ओलं आहे अजून.

धाकटा: जेवणाच्या सुट्टीत मला इथं ओढत आणलंस, ते रंगाचा ठिपका दाखवायला? डबा गार होतोय माझा.

ताई: आपल्या लाइनवर रंग कोणता असतो?

धाकटा: पिवळा. बोल्ट आवळायचा, पाना ‘टक’ म्हणाला की पिवळा ठिपका. झोपेतसुद्धा सांगेन.

ताई: मग हा पांढरा कुठून आला? चारही बोल्टांवर तुझा पिवळा आहे. चौथ्यावर त्याच्या शेजारी हा.

धाकटा: कुणीतरी चेष्टा करतंय तुझी.

ताई: नऊ दिवस? रोज एक इंजिन. तुझ्या हातून निघतं ते सरळ माझ्या टेबलावर येतं, मध्ये माणूस नाही. झाकण बसायच्या आधी शेवटची नजर माझी. आणि रोज तेलाच्या पंपाचाच चौथा बोल्ट.

धाकटा: ...पांढरा मामा लावायचा.

ताई: हो. माझ्या आधी वीस वर्षं याच टेबलावर होता. ढिला बोल्ट सापडला तरी कधी ओरडला नाही. पांढरा ठिपका लावायचा आणि इंजिन मुकाट्यानं परत पाठवायचा.

धाकटा: मामाला जाऊन महिना झाला, ताई. त्याची रंगाची बाटली?

ताई: खणात आहे. रंग वाळून दगड झालाय.

धाकटा: बोल्ट आवळून बघितलेस?

ताई: नऊच्या नऊ. सगळे घट्ट. घट्ट बोल्टावर मामानं उभ्या जन्मात पांढरं लावलं नाही. म्हणून विचारते, तू काय करून बसलायस?

धाकटा: मी काय करणार? मी तर हल्ली एकेक बोल्ट दोनदा आवळतो.

ताई: हल्ली. का?

धाकटा: तू ना, पोलिसात जायला हवी होतीस.

ताई: विषय बदलू नकोस.

धाकटा: सांगतो. पण आईच्या कानावर घालायचं नाही. मी... मी ठिपके आधीच लावायचो. चारही एकदम लावून टाकायचे, मग आवळत बसायचं. ब्रश ठेव, पाना उचल, पाना ठेव, ब्रश उचल, यात वेळ जातो गं. सगळेच करतात.

ताई: मी नाही केलं कधी.

धाकटा: एक दिवस तीन आवळले आणि चहाचा भोंगा झाला. परत आलो तर चारही पिवळे दिसले, दिलं पुढं ढकलून. तू रजेवर होतीस, तुझ्या जागी तो नवा होता. त्यानं ठिपके मोजले आणि झाकण बसवलं. घरी जाताना बसमध्ये मला आठवलं. पण बोललो नाही कुणाला. आणि त्याच लॉटमधली मोटरसायकल मामानं घेतली, तिच्यावरूनच पडून गेला. पंप ढिला झाला की तेल चढत नाही, इंजिन पळता पळता जाम होतं, मागचं चाक धरतं. ताई, मामाला मी मारलं. महिनाभर घास उतरत नाही माझ्या घशाखाली.

ताई: मामाचं इंजिन काल उघडलं. मी समोर उभी होते. चारही बोल्ट घट्ट निघाले. उतारावर कुत्रं आडवं आलं म्हणून तो पडला.

धाकटा: खरं? माझी शपथ?

ताई: तुझी शपथ.

धाकटा: सुटलो गं! बघ, रडतोय वेड्यासारखा. चल, आता दोन घास जातील तरी.

ताई: बस खाली. ते इंजिन मामाचं नव्हतं. मग कुणाचं होतं? कुठंतरी रस्त्यावर पळतंय ते, अजून.

धाकटा: इतक्या दिवसांत काही झालं असतं तर कळलं असतं. आणि कदाचित नंतर कुणी आवळलंही असेल. उगाच कशाला झाकलेलं...

(रिकाम्या लाइनवरून पान्याचा आवाज येतो. टक. टक. टक. मग काहीच नाही.)

ताई: लाइन बंद आहे ना?

धाकटा: बंद आहे. सगळे जेवायला गेलेत. माझ्या जागेवरून आला आवाज.

ताई: पाना तिथंच ठेवून आलास?

धाकटा: पाना हा काय, तुझ्या टेबलावर.

ताई: किती मोजलेस?

धाकटा: तीन.

ताई: थांब. चौथा येईल.

धाकटा: नाही येणार.

ताई: घामानं भिजलायस तू. पाणी पी.

धाकटा: नको. त्या दिवशीचे नंबर काढ.

ताई: एकशे बारा इंजिनं आहेत.

धाकटा: सगळ्या गाड्या परत बोलवा.

ताई: त्याला कागद भरावा लागतो. ‘चूक कोणाची’ हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

धाकटा: माझं नाव लिही.

ताई: नोकरी राहणार नाही रे तुझी.

धाकटा: माहीत आहे. तू लिही लवकर. पाच वाजले की लोक गाड्या काढून घरी निघतात.