तीनशे दहाचा आकडा आणि ओली कणीक

बसा मंडळी, बसा. मागचे पुढे या, मला ओरडायला लावू नका. घसा दमलाय, आणि खरं सांगू? आज मीही दमलोय.

एक प्रश्न विचारतो. वाटेत थांबणारा माणूस काही मिळवतो, की नुसता मागे पडतो? सांगा! तुम्हाला वाटतंय, बुवांचं काहीतरी तिरकं उत्तर असणार. नाही हो! बुवांना हे उत्तर भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, घाम पुसत मिळालंय. ऐका.

चिंचखेड्याला सप्ताह होता. काल्याचं कीर्तन माझं, वेळ अकराची. आणि मृदंगाला कोण? केरबाअण्णा! वय चौऱ्याऐंशी. मी सात वर्षांचा असताना ज्यांनी मला मांडीवर बसवून ताल शिकवला, ते. चार वर्षं त्यांचा एकच हट्ट – "बाबू, तुझ्या काल्याला एकदा वाजवतो, मग मृदंग खुंटीला." मी शब्द दिला होता.

मी नाशिकात. सातला निघायचं ठरलं, निघालो नऊला! का? सत्कार हो! एका घरी शाल, दुसऱ्या घरी नारळ, तिसऱ्या घरी म्हणे, "बुवा, चहा घेतल्याशिवाय कसं?" मला नाही म्हणवलं नाही. मान मिळाला की बुवांचं घड्याळ बंद पडतं!

गाडी होती रंगनाथ खैरनारांची. बँकेतून निवृत्त, सज्जन माणूस, नवीकोरी हायब्रीड गाडी. बसल्याबरोबर कौतुक सुरू – "बुवा, हिला दोन जीव आहेत. एक पेट्रोलचा, एक बॅटरीचा. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत जमा! सिग्नलला इंजिन बंद! गावात पंचवीसचं ॲव्हरेज देते!"

मी पडद्यावर बघितलं. आकडा होता तीनशे दहा. म्हणजे आहे त्या पेट्रोलवर तीनशे दहा किलोमीटर जाणार. चिंचखेडा दोनशे चाळीस. मी म्हटलं, "चला! वाटेत कुठं थांबायचं नाही."

महामार्ग लागला. खैरनारांची गाडी ऐंशीवर. मी म्हटलं, "अहो, बैलगाडी आहे का ही? दाबा!" शंभर. "अजून!" एकशे वीस. आता मंडळी, आकडा कसा वागावा? दहा किलोमीटर गेलो तर दहानं कमी व्हावा. तो पंधरानं कमी व्हायला लागला!

खैरनार म्हणाले, "बुवा, आकडा पडतोय. पंप आलाय, दहा मिनिटं लागतील. भरू का?"

मी म्हटलं, "नको! अण्णा वाट बघतायत."

बघा बरं! तीन घरी चहा पिताना मला अण्णा आठवले नव्हते. पंपावर आठवले!

गाव पंधरा किलोमीटरवर राहिलं आणि इंजिन बंद. बॅटरीवर गाडी थोडी सरकली, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, आणि थांबली. मी चिडलो. म्हटलं, "खैरनार, तुमचे दोन जीव कुठं गेले?"

त्या माणसानं गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बुवा, तो आकडा गावातल्या चालीचा होता. तिथं मी दर चौकात थांबतो, दर थांब्याला हिला काहीतरी परत मिळतं. इथं दोन तास तुम्ही मला ब्रेकवर पाय ठेवू दिला नाही. हिनं भरून घ्यायचं कधी? वर एवढ्या वेगात वारा कापायचा, तो सगळा पेट्रोलवर. ऐंशीनं आलो असतो तर बाराला पोचलो असतो."

 चूक गाडीची नव्हती, खैरनारांची नव्हती. माझी होती.

कांद्याच्या पिकअपवाल्यानं पेट्रोल आणून देईपर्यंत दोन तास गेले. मंडपात शिरलो तेव्हा दीड वाजून गेला होता. भजनी मंडळी गाऊन गाऊन बसलेली. काल्याचा प्रसाद झाल्याशिवाय कोणी जेवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सगळा गाव उपाशी. आणि पुढे अण्णा! मृदंग मांडीवर घेऊन, भिंतीला न टेकता बसलेले.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. अण्णांचा मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "सकाळपासून तीनदा लावली, बुवा. तीनदा वाळून पडली. आडवे व्हा म्हटलं तर ऐकत नाहीत. बाबू येईल म्हणतात."

अण्णांनी मला बघितलं आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं! म्हणाले, "दमलास का रे? पाणी पी आधी."

चौथ्यांदा कणीक लावली. मी उभा राहिलो. अण्णांनी हात उचलला. एक थाप पडली. दुसरी पडली. तिसऱ्याला हात वरच गेला नाही.  माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासाठी राखून ठेवले होते हात. बसून बसून गेले रे."

मृदंग दुसऱ्यानं घेतला. काला झाला, लाह्या वाटल्या, लोकांनी माझ्या पाया पडायला रांग लावली. मला लाज वाटत होती. आजही वाटते. पुढच्या वर्षीच्या काल्याला अण्णा नव्हते.

तर मंडळी, थांबणारा मिळवतो का? मी थांबलो होतो की! तीन घरी थांबलो, पण मानासाठी. आणि जिथं थांबायला हवं होतं, तिथून भरधाव निघून गेलो. आता तुमचं बघा. पोरं शिकवलीत, घरं बांधलीत, पायाखाली ॲक्सिलरेटर. पडद्यावर आयुष्याचा एक आकडा दिसतो आणि तुम्हाला वाटतं, एवढं अंतर आपलंच आहे! तो आकडा कुठल्या चालीवर काढलाय, हे कधी विचारलंत?

आज मी इथं एसटीनं आलो. चार वाजल्यापासून या पारावर बसून आहे. आणि हा मृदंग बघताय ना? त्याची कणीक आता मी स्वतः भिजवतो, जिथं जाईन तिथं. तुमच्याही घरी कोणीतरी तुमच्यासाठी मांडी घालून बसलंय. कोण, ते तुम्हाला माहीत आहे. उद्या नको, आज जा.

टाळ उचला, पण सावकाश. देवाचं नाव घ्यायला घाई नाही. कणीक अजून ओली आहे.