हात माहा, हुकूम मनक्याचा

मांगं नका उभे राहू म्हटलं ना जी माह्या! समोर या, काठावर बसा, अन् काय इचाराचं ते तिथून इचारा, पन बोडीत, या लहान्या तळ्यात, उभ्या मानसाच्या मांगं, तेही शिंगी धरून राह्यलेल्या मानसाच्या मांगं... एकदा झालं ना! साऱ्या मुलुखात बोंब झाली ना, का पत्रूनं होनाऱ्या व्याह्याले थापड मारली, पोरीच्या सोयरिकीच्या दिवशी, भर आंगनात! अरे बापा, मारली म्हनजे? मारनारा मी कोन? थापड लागली, कबूल. हात माहाच होता, तेही कबूल, दुसऱ्याचा कुठून आनू? पन डोस्क्याले खबरच नाई! तुमाले सांगतो, या माह्या डोस्क्याले खबर लागली तवा थापड लागून गेली होती, व्याह्याची टोपी तुळशीपाशी जाऊन पडली होती, अन् माही बायको सोनीबाई तोंडावर पदर घेऊन "बुडालं वो, माह्या पोरीचं लगन बुडालं" करून राह्यली होती.

पयल्यापासून सांगतो, नाई तं तुमीही गावावानी अर्धं ऐकान अन् अर्धं पदरचं लावान. माही दिव्यानी, एकुलती एक पोट्टी. पोरगा बल्लारपूरचा, प्रफुल. तिनंच पसंत केला, आमाले मांगून सांगतलं, चालते, आजकाल असंच चालते. पोट्टा सोन्यासारखा. पन त्याचा बाप! दादाजीभाऊ! रिटायर मानूस, खुर्चीवर बसला तरी पाठ टेकवत नाई, अन् सारी गोष्ट एकाच ठिकानी येऊन थांबते. पोहे देले, "आमच्या इकडं यात शेंगदाने जास्त राह्यते." पानी देलं, "आमच्या इकडं याच्याहून थंडं राह्यते." आंगनात कोंबडा आरवला तं त्याच्याकडंही असे पाहून राह्यले का आमच्या इकडं कोंबडे जरा हळू आरवतात! मी मनात म्हटलं, थांबा भाऊ, तुमाले आता असं काई खाऊ घालतो का साऱ्या बल्लारपुरात भेटनार नाई. बोडीतल्या शिंग्या!

शिंगी तुमाले मालूम आहे का नाई? काळी, सडपातळ, मिशावाली मासोळी, दिसाले गरीब. पन कल्ल्याच्या दोन्ही बाजूनं असा काटा ठेवते का टोचला तं मानूस सोताचं नाव इसरते. मी जन्मभर धरल्या जी, मले झोपेत धरता येते. त्या दिवशीही पाव्हन्यायसाठी घमेल्यात जित्त्या ठेवल्या होत्या. मी घमेल्यापाशी बसलो, बाही वर केली, अन् हे दादाजीभाऊ आले मांगून, माह्या खांद्यावरून वाकले अन् कानापाशी म्हनते कसे, "मेल्या वाटते."

मेल्या! माह्या बोडीच्या शिंग्या! माहं ध्यान गेलं त्यायच्याकडं, हात गेला घमेल्यात, अन् काटा... आई आई आई! हात असा मांगं आला, असा! पाहा, काठावरचे, तुमीही सरकले का नाई? अन् मांगं काय, तं दादाजीभाऊचा गाल. फाडकन! बरं इथंच थांबलं असतं तं पाय धरून मोकळा झालो असतो. पन दुखाची खबर पोचली डोस्क्यात मांगून, अन् तवा तोंड उघडलं, "अबे सैताना, तुह्यायला...!" आता मी शिंगीले म्हटलं जी! शिंगीले! पन हात व्याह्याच्या गालावर अन् शिवी माह्या तोंडात, कोनाले वाटन का हा मानूस मासोळीशी बोलून राह्यला?

दादाजीभाऊ उठले. टोपी उचलली, झटकली, घातली. "आमच्या इकडं," म्हनते, "पाव्हन्याले मारत नाई." अन् चालले. प्रफुल बिचारा फाटकापर्यंत मांगंच पाहत गेला.

दिव्यानी भांडली असती ना, तं बरं झालं असतं. आदळआपट केली असती, मले चार शब्द बोलली असती. पन त्या पोट्टीनं ताट सरकवलं अन् न जेवता उठली. बाप आहे ना जी मी, ते ताट पाहून दुखलं. हात सुजून पपईवानी झाला होता, तो तेवढा नाई दुखला.

दुसऱ्या दिवशी हात घेऊन दवाखान्यात गेलो. तिथी नवीन डाक्टरीन बाई आहे, लहानशी, पुन्याकडची, बोलते तं वाटते रेडिओ लागला. हात गरम पान्यात बुडवाले लावला, सुई देली, अन् मी रडकुंडीले येऊन म्हटलं, बाई, हात माहा, पन हे मी नाई केलं, याच्यावर काई गोळी आहे का? ते हासली. "काका, तुम्ही खरंच नाही केलं. बोटाला काटा टोचला की नस तो निरोप घेऊन मणक्याच्या आत जाते. तिथूनच लगेच दुसरी नस हुकूम घेऊन हाताकडे परत येते, आणि हात मागे! मेंदूलाही निरोप जातो, पण तो वर पोहोचेपर्यंत काम झालेलं असतं."

तुमाले सांगतो, माह्या आंगावर काटा आला... हा दुसरा काटा, चांगला. मी म्हटलं, म्हनजे बाई, डोस्कं म्हनजे चंद्रपूर, जिल्ह्याचं ठिकान, मोठे साहेब. मनका म्हनजे आमची ग्रामपंचायत. बोडीची पाळ फुटली तं चंद्रपूरले इचारत बसाचं, का आधी घमेल्यानं माती टाकाची? "आधी माती," बाई म्हने, "मग चंद्रपूर." अन् मनका किती इमानदार पाहा जी! तो काई इचारत नाई का मांगं कोन उभा आहे, व्याही आहे का कोन आहे. त्याले बोट वाचवाचं, बस. थापड मारली मनक्यानं, अन् सोयरीक तुटली माही!

मंग बाईले जोर चढला. म्हने, एका नसेचं टोक दुसऱ्या नसेले चिकटून नसते, मधात बारीक फट असते, अलीकडची नस फटीत एक रसायन सोडते, ते पलीकडं लागलं का निरोप पुढं. मी खुर्चीवरून उठलोच! बाई, हा तं आमचा बुधू! त्याचं घर अन् माहं घर, मधात कुंपन. बुधू कुंपनावरून हात लांबवते, हातात खर्रा, तंबाखू-सुपारीचा. खर्रा पलीकडं गेला का खबर पलीकडं गेली. खर्रा नाई, तं खबर नाई. अन् प्रत्येक कुंपनावर हेच चालू! मनून तं मी हात धुवाच्या आत गावाच्या त्या टोकाच्या म्हातारीले मालूम, का पत्रूनं व्याह्याले काठीनं हानलं. काठीनं! थापडेची काठी कुठी झाली? चार कुंपनं ओलांडता ओलांडता झाली. बाई हासून हासून म्हने, "काका, उदाहरण अगदी बरोबर आहे. आणि खर्रा सोडा."

शेवटी तिनं रबराचा हातोडा काढला, माहा पाय लोंबता ठेवला, अन् गुडघ्याच्या वाटीखाली, टक्! पाय उडाला! मी नाई उडवला जी, डोस्क्याले खबरच नाई! पुन्हा टक्, पुन्हा पाय. "फक्त लक्ष दुसरीकडे पाहिजे," बाई म्हने, "आवळून धरला तर नीट उडत नाही." बस! मले रस्ता दिसला. घरी आलो, सोनीबाईले म्हटलं, लुगडं बदल, बल्लारपूरले चाल, अन् पिशवीत लाटनं घे.

"लाटनं काऊन जी? आता लाटन्यानं मारता का त्यायले?"

एस्टीत साऱ्या रस्त्यानं तिचं एकच चालू, "हात खिशात ठेवा जी. खिशात!"

तिथी गेलो तं दादाजीभाऊ ओसरीत, लाकडी खुर्चीवर, तसेच ताठ. बसाही नाई म्हटलं. मी उभ्यानंच सारं सांगतलं, बोट, नस, मनका, ग्रामपंचायत, चंद्रपूर. ऐकून घेतलं, अन् म्हनते, "माहं शरीर माह्या हुकमात राह्यते. तुमच्या इकडं मनके असे असतीन. आमच्या इकडं नाई." मी म्हटलं, मंग होऊन जाऊ द्या भाऊ, एका मांडीवर दुसरी मांडी टाका, पाय लोंबता सोडा. काढलं लाटनं. सोनीबाईनं डोळेच मिटले. टक्! काईच नाई. पाय असा आवळून धरला होता का खांबच. टक्! काईच नाई. दादाजीभाऊ मिशीत हासले. दारात प्रफुल उभा, त्याचा चेहरा पडला, अन् मले घरची दिव्यानी दिसली, न जेवलेली. मी मनात म्हटलं, गेलं, आता सारं गेलं.

तेवढ्यात त्यायची रुखमाबाई चहाचा ट्रे घेऊन आली. समोर वाकली अन् म्हनते, "अगं बाई! साखर टाकली का नाई वो मी?"

"तुले कितीदा सांगतलं..." दादाजीभाऊ तिकडं वळले, अन् मी इकडून, टक्!

उडाला! पाय नाई जी, तोफ! ट्रे वर, कप वर, अन् चहा सारा माह्या आंगावर, गरमागरम, अन् साखर खरंच नव्हती. दादाजीभाऊ आपल्या पायाकडं असे पाहून राह्यले का हा कोनाचा पाय माह्या खुर्चीत येऊन बसला.

"मी... मी नाई मारली," म्हनते.

"मले मालूम आहे जी," मी म्हटलं. "डोस्क्याले खबरच नाई."

पयले प्रफुल हासला. मंग रुखमाबाई खालीच बसली, पदरानं डोळे पुसत म्हनते, "इतके वर्स मले वाटे, यायचा सारा कारभार डोस्क्यातूनच चालते!" अन् मंग ते मिशी हालली. हासले जी दादाजीभाऊ! माह्या खांद्यावर हात ठेवला, शेवटी म्हनले, "बसा." तुमाले सांगतो, त्या एका "बसा"नं माहे डोळे भरून आले, तिथीच, चहानं वल्या आंगानं.

अन् तिथीच घात झाला. दादाजीभाऊ म्हनते, "सोयरीक पक्की. पन साक्षगंधाले आमचं सारं बल्लारपूर येईन. सारेच म्हनते, शिंगी खाऊन पाहू. शिंगीचाच रस्सा पायजे, साऱ्याले, पोटभर." अन् माह्या तोंडातून निघून गेलं, "हो जी!" सोनीबाईनं कमरेत चिमटा घेतला, तो पोचला मांगून. नुसता "हो" तरी म्हनाचा! वरून मीच म्हटलं, "दोन-दोनदा वाढू!"

मनून हे, कमरेइतक्या चिखलात उभा आहो, सकाळपासून. एक शिंगी धरा, एक काटा खा, हात मांगं, पुन्हा धरा. सारं बल्लारपूर जेवनार जी! बुधू सकाळीच मांगून खर्रा द्याले आला होता, घरी गाल शेकून राह्यला. अन् ते पाहा, पलीकडच्या पाळीवर, दिव्यानी. प्रफुलशी फोनवर बोलून राह्यली, सकाळपासून हासून राह्यली, बापाकडं एक नजर नाई. हासू द्या. तुमी म्हनान, पत्रूभाऊ, हो म्हनाच्या आधी जरा डोस्क्याले तं इचाराचं. इचारलं असतं जी. पन पोरीचं काम निघालं का बापाचं चंद्रपूर बंदच राह्यते.