पाच स्पीकर आणि एक डबी

...आणि वर मलाच विचारतो, "काका, तुम्हाला नक्की सिनेमा बघायचाय की गाणी ऐकायचीत? एक काय ते ठरवा." आता तुम्हीच सांगा, हे काय वय आहे का माझं, एक काय ते ठरवायचं? चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही पडद्याचा रंग ठरवू शकलो नाही, आणि हा टायवाला... स्पीकरच्या दुकानातला तो विक्रेता हो, गळ्यात टाय, खिशात तीन पेनं, त्यातलं एकही चालत नाही... हा मला दहा मिनिटांत ठरवायला सांगतो.

बरं, मागणी साधी होती. आमच्या हिला लागतात खुनाचे सिनेमे. आणि हल्लीचे नट बोलतात तोंडातल्या तोंडात. खून कोणी केला ते शेवटी सांगतात, आणि नेमकं तेच हिला ऐकू येत नाही. मग मला विचारते, "काय म्हणाला?" मी तोवर झोपलेलो. तेव्हा तिचं म्हणणं, सिनेमाचे ते पाच-सहा स्पीकर घेऊ. माझं म्हणणं, घेऊ, पण त्यांच्यावर गाणं नीट वाजलं पाहिजे. माझं गाणं. एकच आहे, पण वाजलं पाहिजे.

का, ते सांगतो. आमचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. सहा दिवस डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. रविवारी दुपारी मात्र रेकॉर्ड लावायचे. कपाटावर एक लाकडी स्पीकर होता, खुर्चीएवढा. गाणं सुरू झालं की बाबा उठायचे, डोळे मिटायचे, आणि खोलीभर फिरायचे. भिंतीला हात लाव, खिडकीच्या चौकटीला लाव, दाराला लाव, मध्येच थांब, मान तिरकी कर. मी जमिनीवर मांडी घालून बघत बसायचो. काय तो माणूस, काय ती समाधी. लोक गाणं कानानं ऐकतात हो, आमचे बाबा गाणं हातानं ऐकायचे.

आणि त्या गाण्यात एक जागा होती. दुसऱ्या कडव्याच्या आधी ते मोठं, जाड आवाजाचं व्हायोलिन खाली खाली उतरायचं आणि तळाला गेलं की त्याच्या खालून बारीक एक... झिर्रर्र... असं काहीतरी यायचं. चांदीचं पाणी वाहिल्यासारखं. बस, तेवढ्यासाठी मी रविवारची वाट बघायचो. ती रेकॉर्ड गेली, स्पीकर गेला, बाबा गेले. मला ते झिर्र पुन्हा ऐकायचं होतं, मरायच्या आधी एकदा. एवढं काय मागितलं होतं मी?

तर गेलो दुकानात. टायवाल्यानं आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत सोफ्यावर बसवलं आणि सोडलं ना अंगावर हेलिकॉप्टर. डाव्या कानातनं शिरलं, डोक्यावरनं फिरलं, उजव्या कानातनं बाहेर. ही खूश. "अगदी घरात आल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, घरात हेलिकॉप्टर कशाला हवंय आपल्याला? माझं गाणं लावा.

लावलं त्यानं. ते व्हायोलिन उतरलं, तळाला गेलं... आणि पुढे काही नाही. कोरडं ठणठणीत. मी म्हटलं, झिर्र कुठाय? तो म्हणाला, "कसलं झिर्र?" मी उठलो, डोळे मिटले, भिंतीला हात लावला. म्हटलं बाबा करायचे तसं करून बघू, बाबा गाणं हातानं ऐकायचे, आपल्यालाही येईल. तर मागून आवाज, "काका, चक्कर येतेय का? पाणी आणू?"

तुम्हाला सांगतो, सात फेऱ्या मारल्या. सातवीला तो मला बघून आतल्या खोलीत लपला, त्याचा टाय दारात अडकला म्हणून सापडला. पण माणूस कामाचा, खोटं नाही बोलणार. म्हणाला, "काका, गाण्याला हे पुढचे दोन उंच स्पीकर महत्त्वाचे, पैसे तिथे घाला. मधला घ्या त्यांच्याच जातीचा, म्हणजे काकूंना खुनी ऐकू येईल. मागचे दोन लहान चालतील, तिथून फक्त पाऊस आणि पावलं येतात. आणि तो धमाक्याचा डबा आत्ता नको, शेजारी भांडायला येतील." पटलं. वायरी, आवाज वाढवायची पेटी, सगळं जुळवून घरी आणलं. हिनं पहिल्याच दिवशी दोन खून पाहिले, दोन्ही खुनी स्पष्ट ऐकू आले. तिचा संसार सुखाचा झाला.

माझं गाणं लावलं. काय सांगू... गाणारी बाई श्वास घेते तोसुद्धा ऐकू येत होता. व्हायोलिनच्या तारेवरची बोटं ऐकू येत होती. सगळं सगळं होतं, फक्त झिर्र नव्हतं. स्पीकर भिंतीपासून लांब नेले, जवळ आणले, तिरके केले. ही म्हणाली, "आता त्यांना दृष्टही काढून टाका एकदा." वाटलं, कानच गेले आपले. छापखान्यात पस्तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढली, आता बाबांचं गाणं ऐकायची लायकी राहिली नाही.

शेवटी ताईला फोन लावला. थोरली बहीण माझी, सगळं लक्षात असतं तिच्या. म्हटलं, ताई, ते झिर्र आठवतं का गं? तर फोनवर हसायलाच लागली. थांबेना.

"अरे वेड्या, ते गाण्यात नव्हतंच. तुझी डबी होती ती."

"कसली डबी?"

"खोकल्याच्या गोळ्यांची. बाबांच्या टेबलावरची चाकं, स्क्रू, काटे चोरून त्यात ठेवायचास आणि ती कपाटावर स्पीकरच्या मागे लपवायचास. जाड आवाज आला की आतली चाकं थरथरायची."

मग म्हटलं, "आणि बाबा? बाबा गाणं हातानं..."

"कसलं हातानं ऐकतायत. घड्याळजी माणूस, खोलीत कुठे काय खुळखुळतंय ते शोधत फिरायचे. चैन पडायची नाही त्यांना."

"मग सापडली नाही का कधी?"

"सापडली की. दोन-तीन महिन्यांत सापडली. माझ्यासमोर उघडली, आतली चाकं मोजली, झाकण लावलं आणि होती तिथे ठेवून दिली. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस."

"अगं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं फिरायचे ते. मी बघितलंय."

"विचारलं होतं मी. म्हणाले, तो किती मन लावून बघत बसतो गं माझ्याकडे."

फोन ठेवला आणि मी रडलो. सरळ रडलो, त्यात लपवायचं काय?

डबी ताईकडेच होती. पुढच्याच आठवड्यात आणून दिली. झाकण गंजलंय, चाकं तीच. उजव्या स्पीकरवर ठेवली, पुढे फुलदाणी सरकवली आणि गाणं लावलं. व्हायोलिन उतरलं, तळाला गेलं... झिर्रर्र. एवढा खटाटोप, सात फेऱ्या, टायवाल्याचे शिव्याशाप, आणि शेवटी आवाज आला तो कशातून? गोळ्यांच्या डबीतून.

हिला मी काही सांगितलं नाही. सांगून काय, कचऱ्यातच जाणार. पण त्याच संध्याकाळी सिनेमात कुठेतरी इमारत कोसळली आणि झिर्र झालं. हिनं सिनेमा थांबवला. "हे काय वाजतंय?" उठली, भिंतीला हात लावला, खिडकीला लावला, मान तिरकी केली. मी आपला पेपरमागून बघत बसलो. तेव्हापासून रोज तेच. धडाम झालं की ही उठते, फिरते, हात लावत सुटते.

परवा ही भाजी आणायला गेली, मी हळूच फुलदाणी सरकवली. डबी जागेवर होती. पण तिच्यावर धूळ नव्हती. लख्ख पुसलेली, आणि खाली स्पीकरवर चरा पडू नये म्हणून फडक्याची चौकोनी घडी. पन्नास वर्षं गुपित पोटात ठेवणारी आमची ताई, हिच्यापुढे आठवडाभरही टिकली नसणार.

म्हणजे डबी सापडलीय हिला. मग आता मला सांगा, काल पुन्हा इमारत पडली तेव्हा ही उठून भिंती चाचपत कशाला फिरत होती? विचारणार होतो. नाही विचारलं. आता सिनेमा काही शेवटपर्यंत बघून होत नाही, खून कोणी केला ते दोघांनाही कळत नाही, आणि मी आपला पेपर खाली ठेवून बघत बसतो.