नैरोबीहून कुणी आत येईना

आधीच माफी मागतो, शाळा नववीत सुटली, त्यामुळे हे जे लिहून आणलंय त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही आणि शब्दही घरात वापरतो तेच आहेत... पण मला सांगा, आपली सख्खी बहीण दारात उभी राहून ठोठावतेय, आपण दार सताड उघडं ठेवून बसलोय, आणि तरी तिला आत येता येत नाही, याला काय म्हणायचं? आणि राउटरचा दिवा? दिवा हिरवा.

तुम्हाला सांगतो, जागुबेनचं लग्न होऊन ती नैरोबीला गेली तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे त्या खेळातच. विटा रचून गाव बांधायचा खेळ आहे, आम्ही दोघांनी त्यात अख्खं गाव उभं केलंय, विहीर, पाणवठा, गाढवांचा तबेला, सगळं. फोनवर मला बोलताच येत नाही. फोन कानाला लागला की माझ्या तोंडून 'हो' आणि 'नाही' एवढंच निघतं, आणि तेवढ्यात बा, म्हणजे आमची आई, फोन हिसकावून घेते, "तिकडे भेंडी मिळते का गं? कोवळी असते का?" पण हातात वीट असली की मी बोलतो. तीही बोलते. आणि नेमका ज्या भाड्याच्या सर्व्हरवर आमचं गाव होतं तोच बंद झाला, गाव कसंबसं उचलून मी माझ्या कॉम्प्युटरवर आणलं, आणि त्याच आठवड्यात तिचा निरोप, "निकू, एक गोष्ट सांगायचीय. फोनवर नको, बा असते. गावात ये. सासूबाई देवळात जातात तेव्हाच मला जमेल."

सासूबाई देवळात जातात तेव्हा राजकोटात वाजलेले असतात दुपारचे एक ते चार.

मी बेअरिंगच्या दुकानात कामाला, दुकान एकला बंद होऊन चारला उघडतं, म्हणजे मी मोकळाच. म्हटलं, यात काय अवघड? कॉम्प्युटरवर लिहून आलेला पत्ता तिला पाठवला. ती तिकडे ठोठावतेय, इकडे काही नाही. दिवा हिरवा. मग मौलिकला विचारलं, मौलिक म्हणजे माझा मित्र, मोबाईल दुरुस्त करतो, तो पोट धरून हसला. "अरे येड्या, हा घरातल्या घरातला पत्ता. स्वयंपाकघराच्या शेजारची खोली, असं लिहून नैरोबीहून पत्र येईल का तुला?" आता हे मला कोण सांगणार होतं? बाहेरचा पत्ता शोधला. मग कळलं की बाहेरून आलेल्या माणसाला कुठल्या खोलीत धाडायचं ते राउटरला सांगावं लागतं. सांगितलं. मग कळलं की कॉम्प्युटरच्या आत वेगळा पहारेकरी बसलाय, तो कुणालाच आत सोडत नाही. त्यालाही समजावलं. संध्याकाळी मौलिक त्याच्या घरून आत आला, आमच्या विहिरीत पडला, म्हणाला, "चालतंय की, काय रडतोस?"

संध्याकाळी चालतं. सकाळी चालतं. दुपारी जागुबेन येते, आणि बंद.

मग काय काय नाही केलं मी... मौलिक म्हणाला, उन्हानं राउटर तापत असेल, तर टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि स्वतः घामानं निथळत बसलो. बा झोपेतून उठून म्हणाली, "पेटीला वारा आणि पोराला घाम?" मोबाईलच्या इंटरनेटवर लावून पाहिलं, तर म्हणे तिथे बाहेरच्याला आत यायला दारच नसतं. राउटर बदलून आणला. वायर बदलली. जागुबेनला म्हटलं तुझ्याच तिकडे काहीतरी आहे, तर ती चिडली, "माझ्या इकडे सगळ्या जगाचं चालतंय, तुझंच घर तेवढं बंद. ऐक, मला आता जास्त दिवस थांबता येणार नाही." थांबता येणार नाही म्हणजे काय? आजारी आहे? भांडण झालंय? आणि दिवा? हिरवा, टवटवीत.

शेवटी एका दुपारी त्याच कॉम्प्युटरवर मी साधं एक पान उघडायला गेलो आणि ते उघडेना. इंटरनेटच नव्हतं! माझं गाव माझ्याच कॉम्प्युटरच्या पोटात चालत होतं म्हणून मला कळलं नव्हतं, आणि बाकी काही शोधायचं तर मी मोबाईलवर शोधत होतो. शेजारच्यांना विचारावं म्हणून बाहेर आलो, तर गल्लीत चिटपाखरू नाही. अहो, असणार कसं? एक वाजला की अख्खं राजकोट आडवं. कुत्रीसुद्धा कुशीवर.

आमच्या गल्लीचं इंटरनेट मनहरभाईंचं. दुकान आहे त्यांचं, त्यातच झोपायची गादी. चारला शटर वर गेल्यावर मी जाऊन उभा राहिलो. दोन माणसांसमोर बोलायचं म्हणजे माझे कान लाल होतात, पण बोललो. मनहरभाई डोळे चोळत म्हणाले, "दुपारी? दुपारी मी दुकानातली इंटरनेटची मोठी पेटी बंद करतो. तिचा पंखा घरघरतो, झोप लागत नाही. गल्लीतल्या छोट्या पेट्या चालू असतात, म्हणून तुझा दिवा हिरवा."

"रोज बंद करता?"

"रोज. दुकान लावल्यापासून. आजपर्यंत एका माणसाची तक्रार नाही." मग माझ्याकडे निरखून बघत, "पण तू दुपारी जागा कशाला होतास? पोट बिघडलंय का?"

मी म्हटलं, बहीण. त्यांनी विचार केला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "उद्या पेटी चालू ठेवतो. पण मग मी झोपू कुठे?"

तर दुसऱ्या दिवशी मनहरभाई उशी काखेत मारून आमच्या घरी. बानं वाढलं, ताक दिलं, आणि माझ्याच खोलीत, माझ्या कॉम्प्युटरला खेटून असलेल्या खाटेवर ते जे पसरले... पंखा बरा म्हणायची पाळी. पण सांगतो तुम्हाला, एक वाजून गेल्यावर विहिरीच्या काठावर जागुबेन उभी. आत आली! ती म्हणाली, "निकू, हे घोरतंय कोण?"

"मनहरभाई."

"कोण मनहरभाई?"

"इंटरनेट."

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मग तबेल्याच्या भिंतीला एकेक वीट लावत म्हणाली, "आम्ही परत येतोय. कायमचे. आमचं इथलं दुकान तुझ्या जिजाजींच्या भावानं ताब्यात घेतलं, भांडायचं नाही असं ठरवलंय आम्ही. येत्या महिन्यात निघतो. पण बाला बोलू नकोस, जावई परदेशात आहे असं तिनं गल्लीभर सांगितलंय, मी रीतसर सांगेन तिला." अशा वेळी माणसानं धीराचं बोलावं ना? मी काय म्हणालो? "विहिरीला पायऱ्या करू का?"

ती म्हणाली, "कर. मला उतरायला लागतील."

मी पायऱ्या करत बसलो. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, कारण माझ्या इअरफोनचं एक टोक तुटलंय आणि मी स्पीकर लावला होता. आणि घोरणं केव्हा थांबलं ते मला कळलंच नाही. खाटेवरून, डोळे मिटलेलेच, आवाज आला, "म्हणजे वरच्या खोलीत वेगळं कनेक्शन लागेल."

चारला मनहरभाई उशी घेऊन गेले, मी दुकानाला दांडी मारली. पाचला बा दूध आणायला गेली आणि रिकामी पातेली घेऊन परत आली. खाली बसली. "माझी लेक येतेय, आणि ते मला पानवाल्यानं सांगावं?" रडली थोडी. मग फोन लावला आणि पहिल्यांदा भेंडीचं विचारलं नाही. म्हणाली, "ये गं. गल्लीला काय उत्तर द्यायचं ते मी बघते."

रात्री जागुबेनचा निरोप आला, आता बांधाबांध आहे, खेळायला जमणार नाही. आणि आल्यावर दुपारी मस्त झोपणार आहे, इथे मेलं दुपारी कुणी झोपतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनहरभाईंकडे गेलो. आता दुपारी पेटी चालू ठेवायची गरज नाही, तुम्ही आपल्या गादीवर झोपा, एवढंच सांगायचं होतं, वाटेत तीनदा म्हणून पाहिलं. दुकानात पोचलो, तोंड उघडणार, तर ते म्हणाले, "बोलू नकोस. मी कालच ठरवलं, आजपासून पेटी पुन्हा बंद. बहीणच येतेय म्हटल्यावर दुपारी जागं राहणार कोण?"