डाव्याला कानडीत येड म्हणतात

जबाब, दि. १४/११/२०२५, दुपारी ३.४० वा.

मी गुरुलिंग मल्लप्पा हत्तुरे, वय ६१ वर्षे, धंदा पिठाची गिरणी, रा. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी पत्नी कमलम्मा, वय ५७, हिच्यासह वरील ठिकाणी राहतो. आम्हांस मूल नाही. हमाली करून मी गिरणी उभी केली. पट्ट्याच्या आवाजातही गिऱ्हाईक काय पुटपुटते ते मला ऐकू येते. पत्नीचे माहेर अक्कलकोटपलीकडे. मराठी बोलते, पण घाबरली की कानडीवर येते.

दि. ११ रोजी ती गिरणीच्या पायरीवरून पडली. डावा घोटा मोडला, उजवा खरचटला. दोन्ही पायांना पट्ट्या होत्या. आज सकाळी ११ वा. शहरातील खाजगी दवाखान्यात ऑपरेशन होते. तिला दमा असल्याने भुलीच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "काका, पूर्ण भूल देत नाही. सोनोग्राफीवर नस बघून गुडघ्याच्या मागं इंजेक्शन देते. तेवढा पाय झोपेल."

मी पडद्याबाहेर बाकावर बसलो. आत पत्नीला पालथे केले. खुणेचा बाण डाव्या नडगीवर काढला होता, तो खाली गेला. मॅडमनी विचारले, "मावशी, कुठला पाय?" पत्नीचे तोंड उशीत. ती म्हणाली, "येड, येड." वॉर्डबॉय धनाजी हसला. "म्याडम, तुमास्नी येडं म्हणत्यात की!" मॅडम म्हणाल्या, "म्हणू दे. सुईला भ्यायल्यात."

कानडीत येड म्हणजे डावा. माझे घर मराठी. लग्नानंतर महिनाभर मीही ती मला येडा म्हणते असेच समजत होतो. आत्ता लिहून घेणाऱ्या साहेबांनीही आधी 'येडा' लिहिले होते, ते दुरुस्त करून घेतले. फाईलवर पाय लिहिलेला असणार, म्हणून मी आधी उठलो नाही.

नंतर पत्नी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "येड री, बल अल्ल." म्हणजे, डावा हो, उजवा नाही. मी पडदा ओढून आत गेलो. धनाजी आडवा आला, "आत यायचं न्हाय!" मी त्याला ढकलले. तो ट्रॉलीवर पडून त्याचे कोपर फुटले. उजव्या गुडघ्यामागे जेली लावलेली होती. सुई मॅडमच्या हातात होती, टोचलेली नव्हती, हे नक्की लिहावे. मी ओरडलो, "डावा! ती डावा म्हणतीय!" गडबड ऐकून रखवालदाराने पोलिसांना फोन केला.

मॅडमनी सुई ठेवली. फाईल पाहिली. पत्नीला वळवून बाण पाहिला. मग स्टुलावर बसल्या. त्या अंदाजे तिशीच्या आहेत. पाणी मी दिले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काका, जाऊ नका. त्या काय म्हणतात ते मला सांगत राहा."

मग डाव्या पायाचे काम झाले. मशीनवर एक पांढरा गोळा दिसला. "ही नस," मॅडम म्हणाल्या. सुई त्याच्या शेजारी जाऊन थांबली व औषध भोवतीने काळे पसरले. वीस मिनिटांनी स्पिरिटचा बोळा लावून, गार लागतेय का, असे विचारले. पत्नी न्हाय म्हणाली. मग मला कानडीत म्हणाली, "अहो, माझा पाय कुटं गेला?" मी म्हणालो, "हितंच हाय की. माझ्या हातात हाय." ती म्हणाली, "मग सोडू नका." ऑपरेशनला आत नेईपर्यंत मी सोडला नाही.

धनाजीची मी माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मालक. तुमी ढकललं नसतं तर मला जल्मभर झोप आली नसती." तरी त्याची तक्रार असल्यास घ्यावी, ढकलल्याचे मला कबूल आहे.

मॅडम स्वतः ठाण्यात येऊन बाहेर बाकावर बसल्या आहेत. माझी चूक लिहून घ्या, असे त्यांचे म्हणणे आहे. साहेबांनी मला विचारले, त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे काय? नाही. चूक झाली ती आम्हा सर्वांच्या कानांची.

ऑपरेशन नीट झाले. पाय संध्याकाळी जागा होईल व त्या वेळी दुखेल, असे मॅडमनी सांगितले आहे. जाग यायच्या आत येतो, असे मी पत्नीला कानडीत सांगून आलो आहे. तरी मला लवकर सोडावे.

वरील मजकूर वाचून दाखवला, मी सर्व ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.