आशाच्या फोनात काय काय घालायचं

(विसरवाडीचा फाटा, दिवाळीनंतरची सकाळ. चहाच्या टपरीपुढचा बाक. निवृत्त शिक्षक हेमकांत गुरुजी, त्यांची सातवीतली जुनी विद्यार्थिनी आशा आणि तिचा बाप छगन. पलीकडे एका पत्र्याच्या पेटीवर तान्ह्याला घेऊन बसलेली छगनची बायको फुलीबाई.)

गुरुजी : पाढ्यांचं झालं. आता शब्दकोश घालू. हा सगळ्यात कामाचा. एकदा उतरवून घेतला की नेट नसलं तरी चालतो.

आशा : गुरुजी, ते जागा नाही म्हणतंय.

गुरुजी : कोण म्हणतंय?

आशा : फोन. खाली लाल अक्षरात आलंय बघा.

गुरुजी : चष्मा कुठं ठेवला मी... हां. नव्या फोनात जागा कशी नाही?

छगन : नवा नही, गुरुजी. मुकरदमना जुना शे. त्यानी गाना नि पिच्चर भरी ठेवेल शेतस.

गुरुजी : मग त्यातले सगळे पिक्चर काढू. चालेल ना तुला?

छगन : काढा. तुम्ही म्हनशात ते काढा. पोरना कामनं चांगलं चांगलं भरी द्या फक्त. ट्रक येवाना आत.

गुरुजी : घाई करू नकोस. मी हिला पहिलीत काय सांगितलं होतं? काय गं?

आशा : घाईत बरोबर येण्यापेक्षा सावकाश चुकलेलं बरं.

गुरुजी : बघ! विसरली नाही. हं, तर आता नीट लक्ष दे. हे पाठ्यपुस्तकांचं. सातवीची सगळी पुस्तकं यात आहेत. हे वाचून दाखवणारं. शब्दावर बोट ठेवलं की मोठ्यानं बोलतं. उच्चार ऐकायचा, मग आपण म्हणायचं. हा नकाशा. आणि हे माझ्या आवडीचं. फोन आभाळाकडं धरला की कोणता तारा कोणता ते सांगतं.

आशा : तुम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर दाखवायचे तसं?

गुरुजी : तस्संच. आता मैत्रिणींना गच्चीवर नेऊन तू दाखवायचं. मी काही आता जिने चढत नाही.

छगन : चहा ल्या, गुरुजी. थंडा व्हई ऱ्हायना.

गुरुजी : घेतो. हिची बस किती वाजता आहे?

छगन : कोनती बस?

गुरुजी : अरे, नंदुरबारची. सुट्टी संपून चार दिवस झाले. तुम्ही दोघं ट्रकनं गुजरातेत उसावर, ही बसनं शाळेत. दरसालचंच आहे ना?

आशा : बा, सांग ना.

छगन : तू सांग. तुले चांगलं बोलता येस.

आशा : मी पण ट्रकमध्येच आहे, गुरुजी.

गुरुजी : म्हणजे यांना पोचवायला चाललीस?

आशा : नाही. होळीपर्यंत.

गुरुजी : होळीपर्यंत? आणि शाळा?

आशा : सुट्टीला निघतानाच मी पेटी घेऊन निघाले होते. सरांनी विचारलं, पेटी कशाला नेतेस? मी म्हटलं, कुलूप बिघडलंय, दुरुस्त करून आणते.

गुरुजी : पेटी... फुलीबाई बसलीय ती? तिच्यावर नाव मीच रंगवलं होतं. निळ्या रंगात. 'आ' चा काना जरा वाकडा गेला होता.

छगन : हां, तीच. मजबूत शे. पीठ नि भांडा बठा मावी गयात.

गुरुजी : आणि हिची पुस्तकं?

छगन : आते तुम्हीच भरात ना याच्यामा? सातवीना बठा पुस्तकं.

गुरुजी : छगन, अरे, हे शाळेऐवजी नसतं. शाळेसोबत असतं.

छगन : तुम्ही तसं नही बोलनात.

गुरुजी : मी? मी कुठं काय बोललो?

छगन : आशा, दखाड गुरुजीसले.

आशा : नको, बा.

छगन : दखाड म्हनस ना मी.

फोनमधला आवाज : ...आता शाळा खिशात मावते, बंधूंनो! तुम्ही उसावर जा, नाहीतर डोंगरावर जा, शाळा तुमच्या मागं चालत येईल! पोराच्या हातात फोन द्या, गुरुजी त्याच्या हातात आला म्हणून समजा! वाजवा टाळ्या!

गुरुजी : हे माझ्या निरोपाच्या कार्यक्रमातलं आहे.

आशा : हो. तुमच्या अंगावर शाल आहे.

गुरुजी : पण पुढं मी सांगितलं होतं ना! शाळा चुकवायची नाही, हे सुट्टीतल्या अभ्यासासाठी, असं... पुढं ने जरा.

आशा : पुढं काही नाही, गुरुजी. टाळ्यांवर संपतो.

गुरुजी : कुणी कापला?

छगन : ते माले काय ठाऊक. मुकरदम पाडा-पाडावर दखाडस. म्हनस, दखा, तुम्हना गुरुजीच सांगतस. ज्या घरनी पोर शाळा सोडी उसवर येई, त्या घरले एक फोन. धुडकूनी पोर येस, वीरसिंगना दोन्ही पोऱ्या येतस.

गुरुजी : माझं तोंड दाखवून?

छगन : दुसरा कोनाले कोन मानतस तठे?

गुरुजी : छगन, तुले काय समजस का नही? तुन्ही पोर वर्गमा पहिली शे! पहिली! आणि तू मुकादमाच्या एका जुन्या फोनावर...

छगन : हळू बोला. फुली दखी ऱ्हायनी. फोनसाठे नही नेत मी तिले. नवलनं पोर आठवस का तुम्हले?

गुरुजी : कोणतं?

छगन : तान्हं. गया साल. उसना पाचटवर निजाडेल व्हतं, सावलीमा. ट्रॅक्टर मागे उना. ड्रायव्हरले ते दिसनंच नही.

गुरुजी : हे मला माहीत नव्हतं.

छगन : मन्हं तीन महिनानं शे. मी ऊस तोडसू, फुली मोळी बांधी. त्याले कोन धरी?

गुरुजी : तुझी आई यायची ना बरोबर?

छगन : माय आखाडमा गयी.

गुरुजी : अरेरे. कुणी कळवलंही नाही... मग असं कर. आशाला माझ्याकडं ठेव. माझं घर इथं मागंच आहे. घरात आम्ही दोघंच. मी स्वतः तिला शाळेत पोचवतो, हवं तर बाळालाही ठेव.

छगन : तान्हाले? त्याले दूध पाजानं काही शे का याच्यामा?

गुरुजी : नाही. ते नाही यात.

छगन : राग येऊ देऊ नका. पोर तं नेवाच लागती. तुम्ही बोलतात, नही तं नही बोलतात. पन मन खाई ऱ्हायनं व्हतं. मंग तुम्हना व्हिडो दखा. म्हनं, इतला शिकेल मानूस सांगस, म्हनजे आपन काही वाईट नही करी ऱ्हायनूत. मन हलकं व्हयनं.

गुरुजी : माझ्यामुळं हलकं झालं.

छगन : खरं सांगस. तुम्हनाच मुळे.

आशा : गुरुजी, एक विचारू?

गुरुजी : विचार, बाळा.

आशा : हे गणिताचं आहे ना, यात उत्तर चुकलं की लाल होतं. का चुकलं ते सांगत नाही. मग अडलं तर हात कुठं वर करायचा?

गुरुजी : मला फोन करायचा. माझा नंबर घे. केव्हाही कर.

आशा : घेते. पण पडावावर, उसाजवळच्या झोपड्यांत, लाइट नसते. मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्ज करायला देतात, मग परत कधी मिळेल ते त्यांच्यावर.

गुरुजी : तुला कसं माहीत?

आशा : धुडकूकाकांची चेतना गेल्या वर्षी गेली होती ना. तिनं सांगितलं. तिला संक्रांतीपासून फोन मिळालाच नाही.

गुरुजी : आणि तरी तू मघापासून सगळं ऐकून घेतलंस? तारे, नकाशा, पाढे? मला थांबवलं का नाहीस?

आशा : तुम्ही शिकवत होता.

छगन : मुकरदमना हॉर्न वाजना. ट्रक उना. चाल, आशा. फुली, ऊठ, पेटी दे.

गुरुजी : थांब, छगन, एक मिनिट. मी आजच शाळेत जातो. नाव काढू नका म्हणतो. होळीनंतर ही येईल, तोवर मी हिच्या वह्या...

छगन : जा, गुरुजी. तुम्हनं तठे ऐकतस.

गुरुजी : आणि तो शब्दकोश राहिला. तेवढा तरी होऊ दे. आण इकडं. पिक्चर काढले ना आपण?

आशा : काढले. तरी पुरत नाही. सगळ्यात जास्त जागा तुमच्या व्हिडिओनं घेतलीय.

गुरुजी : मग तो काढ. आत्ताच्या आत्ता काढ. नाहीतर दे, मीच काढतो.

आशा : नको, गुरुजी.

गुरुजी : अगं, काय करायचाय तो? शब्दकोश जन्मभर पुरेल तुला.

छगन : आशा! पोर ले पहिले. ड्रायव्हर बोंबली ऱ्हायना.

आशा : आले, बा. गुरुजी, शब्दकोश नसला तरी चालेल. होळीला घरी आले की काजल आणि वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी विचारतील, शाळा का सोडलीस. तेव्हा तुमचा हा व्हिडिओ दाखवीन.